महाराजाला लाउंजमधून बाहेर आणा: एअर इंडियाला कोल्हापुरातून एक खुलं पत्र

प्रति,
ब्रँड आणि जाहिरात विभाग,
एअर इंडिया, गुरुग्राम

सप्रेम नमस्कार,

10 ऑगस्ट 2023 रोजी तुम्ही एअर इंडियाचा नवा चेहरा लोकांपुढे आणला. नवं बोधचिन्ह, नवी अक्षरं, विमानाच्या शेपटीवर लाल, जांभळा आणि सोनेरी. महाराजाबद्दल, म्हणजे फेटा बांधून वाकणाऱ्या तुमच्या त्या जुन्या बोधपात्राबद्दल, तुमचं म्हणणं असं होतं की तो राहील, पण मुख्यतः विमानतळावरच्या लाउंजमध्ये आणि वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी. हे पत्र त्या एका निर्णयाबद्दल आहे. तो निर्णय चुकला, असं माझं ठाम मत आहे. मी कोल्हापुरात मुलांना उपयोजित कला शिकवतो. जाहिरातीतलं चित्र बोलतं कसं, हे सांगायची वेळ आली की मी फळ्यावर आधी महाराजाची मिशी काढतो. तेव्हा या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

महाराजा जन्मला 1946 मध्ये, आणि तोही काही मोठी मोहीम आखून नव्हे. विमानात प्रवाशांना द्यायच्या टिपणवहीवर एक चित्र हवं होतं. कंपनीचं वाणिज्य खातं सांभाळणारे बॉबी कूका यांची कल्पना आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेच्या मुंबई कचेरीतले चित्रकार उमेश राव यांचा हात, असा हा जमलेला योग. गालिच्यावर बसून हुक्का ओढणारा एक मिशाळ गृहस्थ कागदावर उतरला आणि तिथून तो उठला तो थेट जगभर फिरायला निघाला. कूकांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की याला महाराजा म्हणायचं ते दुसरं चांगलं नाव सुचलं नाही म्हणून. याच्या अंगात राजरक्त वगैरे काही नाही. माझ्या पत्राचा सगळा भार या खुलाशावर आहे. ज्यानं त्याला घडवलं त्यानंच तो राजा नाही असं सांगितलं होतं, आणि आज तुम्ही त्याला राजा समजून निवडक पाहुण्यांच्या दिवाणखान्यात बसवला आहे.

ते चित्र एकदा जवळून बघा. डोळे मिटलेले, म्हणजे दोन कमानदार रेघा, बस. नाक मोठं आणि बाकदार. मिशा चेहऱ्याची हद्द ओलांडून बाहेर गेलेल्या, टोकं वर वळलेली. पट्ट्यापट्ट्यांचा फेटा, लांब अंगरखा, पायांत चोचीची मोजडी, एक हात छातीवर आणि कमरेतून वाकलेला. नुसती सावली पडद्यावर टाकली तरी पोरगं ओळखेल. मी विद्यार्थ्यांना हा महाराजा आठवून काढायला लावतो. फेटा सगळ्यांना येतो, मिशी बहुतेकांना येते, अडतं ते वाकण्यापाशी. पाठ जराशी जास्त वाकली तर नोकर दिसतो, जराशी कमी वाकली तर मतं मागायला आलेला पुढारी. उमेश रावांनी नेमकी मधली जागा धरली आहे. दारात उभं राहून पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणणारा घरधनी तिथं दिसतो. विमान कंपनीला प्रवाशाशी जे नातं जोडायचं असतं ते सगळं त्या पाठीच्या एका बाकात आहे. पुढच्या पंचाहत्तर वर्षांत या कंपनीनं जी जी बोधचिन्हं केली, त्यांतल्या एकालाही हे साधलेलं नाही.

मग त्यानं काय काय केलं! तोक्योला जायचं तर सुमो पैलवान झाला. पॅरिसला रंगेल प्रेमी, कुठं फुटपाथवर चित्रं काढणारा कलाकार, कुठं भिक्षू. ज्या गावी जाईल त्या गावचा वेश अंगावर चढवायचा आणि मिशी मात्र आपली ठेवायची. एका गरीब, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची विमान कंपनी लंडन, न्यूयॉर्कच्या बाजारात धनाढ्य कंपन्यांसमोर उभी होती. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं तेव्हा कंपनीपाशी जाहिरातीला पैसा तो किती असणार? पण हसवायला पैसा लागत नाही. स्वतःवरही हसू शकणारा हा यजमान परक्या माणसाला आपलासा वाटला, आणि हे काम कागद, शाई आणि एका चित्रकाराच्या पगारात झालं.

मुंबईत तर त्याला केम्प्स कॉर्नरच्या होर्डिंगवर अड्डाच मिळाला होता. गावात, देशात जे काही चाललेलं असेल त्यावर एक चित्र आणि एक ओळ. तिकिटाचा दर नाही, ‘आजच संपर्क साधा’ नाही. बसच्या रांगेतला कारकून ते वाचायचा, गालात हसायचा आणि कचेरीत जाऊन दुसऱ्याला सांगायचा. त्या कारकुनाला जन्मात विमानाचं तिकीट परवडणार नव्हतं, हे कूकांना चांगलं माहीत होतं. तरीही होर्डिंग त्याच्यासाठीही होतं. एअर इंडिया ‘आपली’ वाटायला लागली ती या फुकट्या वाचकांमुळे. विमानात पाऊल न ठेवलेल्या लाखो लोकांना एखाद्या विमान कंपनीबद्दल अभिमान वाटावा, अशी दुसरी जाहिरात मला आपल्या देशात तरी माहीत नाही.

कोल्हापूरच्या माणसानं हे का सांगावं, असं तुमच्या मनात येईल. आमचं गाव चित्रांचं आहे. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटर यांनी इथं कॅमेरा तयार केला, चित्रपट काढले आणि त्यांची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्या पोस्टरांपासून सुरू झालेली पेंटर मंडळींची परंपरा गावातल्या गल्लीगल्लीत होती. चित्रपटाचे बॅनर, तालमीच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची ‘हॉर्न ओके’ची अक्षरं, सगळं हातानं. आणि कोपऱ्यात सही. चहाच्या दुकानाची पाटी असली तरी खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असायचं.

शाहूपुरीत एका प्रवास कंपनीच्या दुकानावर असाच हातानं रंगवलेला महाराजा मी लहानपणी पाहत असे. तो रंगवणारे पेंटर आमच्या पेठेतले. त्यांनी छापील चित्रावर पेन्सिलीनं चौकोन पाडले, पत्र्यावर खडूच्या दोरीनं तेवढेच मोठे चौकोन मारले आणि एकेक चौकोन उचलत गेले. फेटा, अंगरखा, मोजडी असं सगळं सावकाश झालं. मिशी मात्र शेवटी ठेवली होती. शिडीवर चढले, ब्रश ऑइलपेंटमध्ये भिजवून डब्याच्या काठावर निथळला, श्वास धरला आणि नाकाखालून निघालेली रेघ टोकापर्यंत एका दमात नेली. मग दुसरी बाजू. खाली उतरून लांब गेले, बघितलं, आणि मिशीला पुन्हा हात लावला नाही. ते चित्र मुंबईच्या कचेरीत कुणी काढलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण काढणाऱ्याचा हात त्यांना त्या रेघेतून कळला होता. अस्सल चित्राची ही खूण असते. ते दुसऱ्या हातातून पुन्हा काढता येतं आणि तरी मरत नाही.

आज त्या जागी फ्लेक्स आहे, आणि चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पन्नास चेहरे. फ्लेक्स आला तेव्हा आमचे कितीतरी चांगले हात रिकामे झाले. कुणी ग्रिल रंगवू लागला, कुणी रिक्षा घेतली. एअर इंडियाच्या जाहिरातीचं जे झालं ते मला याच गोष्टीचं दुसरं टोक वाटतं. हात गेला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं.

तुमच्या आधीच्या लोकांनी केलेलं एक काम मी मुलांना आदर्श म्हणून दाखवतो, ते 1971 सालचं. पहिलं बोइंग 747 आलं, त्याचं नाव ‘एम्परर अशोक’. विमानाला शेकडो खिडक्या. दुसऱ्या कंपन्या खिडक्यांवरून सरळ पट्टा ओढून मोकळ्या होत. इथं प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची कमान काढली आणि जाहिरातीत सांगितलं की हा आकाशातला तुमचा राजवाडा. नक्षी बाहेरून आणून चिकटवलेली नव्हती, विमानाच्या अंगातूनच ती फुटली होती. धावपट्टीवर दहा विमानं उभी असली तरी हे लांबून कळायचं. त्याच वर्षाच्या अखेरीला 26 व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखे बंद झाले. आमच्यासारख्या जुन्या संस्थानी गावात तनख्यांची चर्चा घराघरात झालेली. खऱ्या राजांचे मान जात होते आणि तिकीट काढलेल्या कुणाही माणसाला राजवाड्याच्या खिडकीशी बसवणारं विमान उडत होतं. महाराजाचा मूळ स्वभाव याहून चांगला कुणी दाखवला नाही.

विमानांच्या नावांतही तेव्हा मन घातलेलं दिसतं. कॉन्स्टेलेशन विमानांना राजकन्यांची नावं, 1960 मध्ये आलेल्या बोइंग 707 ना नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा अशा हिमशिखरांची, जंबोंना सम्राटांची. पुढं एका 747 ला ‘शिवाजी’ हे नाव मिळालं.

आणि चित्रकारांशी असलेलं नातं! हुसेन, रझा, गायतोंडे यांची चित्रं त्यांना आजच्यासारखा भाव नव्हता तेव्हा कंपनीनं घेतली आणि जगभरच्या तिकीट कचेऱ्यांत लावली. 1967 मध्ये स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीकडून राखदाणी करून घेतली, तीत हंस आणि हत्ती एकमेकांत मिसळलेले. मोबदल्यात त्याला पैसे नको होते, हत्तीचं पिल्लू हवं होतं, तर तेही विमानानं पाठवलं. ही गोष्ट सांगितली की माझे विद्यार्थी हसतात आणि मग गप्प होतात, कारण कंपनीच्या जाहिरात विभागाला असंही काही सुचू शकतं हे त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. त्या संग्रहातल्या हजारो कलाकृती आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेल्या आहेत, ते योग्यच झालं. कंपनी सरकारी असताना घेतलेल्या त्या कलाकृती सरकारच्या, म्हणजे जनतेच्या होत्या.

नंतरची घसरण मी थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. 1989 मध्ये लाल शेपटीवर सोनेरी सूर्य आणून चेहरा बदलायचा प्रयत्न झाला, तो लोकांना रुचला नाही आणि जुनं रूप परत आणावं लागलं. 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं आणि उडत्या हंसाच्या पोटात कोणार्कचं चक्र बसवलेलं बोधचिन्ह आलं. दोन कचेऱ्यांचं एकमत करायला निघालं की असं चित्र तयार होतं: दोघांचंही थोडं थोडं, आणि त्यात बोलणारं कुणीच नाही. 2015 मध्ये महाराजालाच तरुण केला, फेटा उतरवून जीन्स चढवली. मला त्याचं फार वाईट वाटलं. महाराजा कधी म्हातारा झालेलाच नव्हता. त्याला बोलायला विषय आणि ओळ द्यायची सोडून लोक त्याचे कपडे बदलत बसले.

त्याच काळात सेवाही ढासळली होती, हे मान्य केलं पाहिजे. उशीर, मोडक्या खुर्च्या, कर्जाचा डोंगर. घरातच रया गेलेली असताना दारात वाकून ‘या, बसा’ म्हणणारा यजमान केविलवाणा दिसतो, आणि लोकांनी मग त्याच्यावरच विनोद केले. कूकांची ओळ खपत होती ती विमान वेळेवर सुटत होतं म्हणून, जेआरडी टाटा स्वतः प्रवाशासारखे बसून पडद्यापासून कॉफीपर्यंत सगळं तपासत आणि टिपणं लिहून पाठवत म्हणून.

इथं 12 जून 2025 बद्दल लिहिल्यावाचून पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. अहमदाबादला त्या दिवशी तुमचं विमान कोसळलं आणि 260 माणसं गेली. विमानातली 241 आणि जमिनीवरची 19. तुम्ही बोधचिन्ह काळं केलंत, त्या उड्डाणाचा क्रमांक कायमचा बंद केलात. त्या काळात मी वर्गात विमान कंपनीची एकही जाहिरात दाखवली नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्यापुढं मिशी आणि रेघ यांचं कौतुक काय सांगायचं, हा प्रश्न हे पत्र लिहितानाही माझ्यासमोर होता. तरी लिहितो आहे, कारण विश्वास पुन्हा उभा राहायचा तर पहिलं काम हँगरमध्ये आणि कॉकपिटमध्ये व्हायला हवं, आणि त्यानंतर कधीतरी कंपनीला लोकांशी पुन्हा बोलावंही लागेल. तेव्हा ती कुणाच्या तोंडानं बोलणार? तुमच्या नव्या बोधचिन्हातल्या सोनेरी चौकटीला तोंड नसतं.

त्या चौकटीबद्दलही न्यायानं बोलतो. जुन्या झरोक्याची कमान घेऊन तिचं एक टोक पुढं काढलेलं तुमचं नवं बोधचिन्ह नेटकं आहे. विमानावर ते चांगलं दिसतं, मोबाइलच्या लहान चौकोनातही टिकतं. पहिल्या ए350 विमानावर ते पाहिलं तेव्हा काम जाणत्या माणसांनी केलं आहे हे कळत होतं. नव्या ए350 विमानांच्या नोंदणीत जेआरडींची आद्याक्षरं आणलीत, हे तर मला मनापासून आवडलं. पण बोधचिन्ह ही सही असते, आणि सहीच्या वर पत्रात मजकूर लागतो. तुमच्याकडे आज सही उत्तम आहे.

मजकुराच्या जागी काय आलं? फेब्रुवारी 2024 मध्ये तुम्ही सुरक्षा सूचनांची चित्रफीत काढली. भरतनाट्यम्, कथक, ओडिसी, कथकली, मोहिनीअट्टम, घूमर, बिहू, गिद्धा, अशा आठ नृत्यांतून पट्टा कसा बांधायचा ते सांगितलं. कष्टानं आणि प्रेमानं केलेलं काम आहे. लावणी त्यात नाही याची चुटपुट महाराष्ट्रात अनेकांना लागली असेल. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकली. हा सगळा नटूनथटून उभा राहिलेला भारत आहे. पाहुण्याला दिपवतो, पण त्याच्याशी दोन शब्द बोलत नाही. महाराजा दिपवत नसे. तो सुमो पैलवानाचं लंगोट बांधून पाहुण्याच्या घरी जायचा आणि त्याच्याबरोबर हसायचा.

तुमच्या समूहातल्या एअर इंडिया एक्सप्रेसनं विमानांच्या शेपटीवर बांधणी, अजरख, कलमकारी, कांजीवरम अशा देशभरच्या विणकरांची आणि रंगाऱ्यांची नक्षी आणली. ही वाट मला जास्त जवळची वाटते. हाताचं काम पुन्हा विमानावर चढलं. आता त्या हाताचं नावही लिहा, एवढंच म्हणेन.

नावाचा हा आग्रह कोल्हापूरकराला का सुटत नाही ते तुम्हाला कळेल. जून 2025 मध्येच मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं आमच्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल मांडली आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. 2019 पासून त्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. इथं केवढा क्षोभ उसळला! मग कंपनीनं प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. कातडं कमावून, वेणी घालून, हातानं शिवून चप्पल उभी करणाऱ्या माणसाला पैसा तर हवाच, पण हे माझ्या हातचं आहे असं म्हणायचा हक्कही हवा. उमेश रावांचं नाव किती जणांना माहीत आहे? महाराजा जगात कोट्यवधी वेळा छापला गेला असेल. बाहुल्या झाल्या, कॅलेंडरं झाली, पत्त्यांचे जोड झाले. आमच्या शाहूपुरीतल्या पाटीवर रंगवणाऱ्या पेंटरची सही होती. ज्यानं मूळ चित्र काढलं त्याचं नाव मात्र जाहिरातीचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनासुद्धा मी सांगेपर्यंत ठाऊक नसतं.

आता मुद्द्याची मागणी. महाराजाला रस्त्यावर आणा. बिझनेस क्लासच्या प्रवाशाला लाउंजमध्ये सरबत मिळतं, गादी मिळते, त्याला महाराजाची गरज सगळ्यात कमी आहे. त्याची गरज आहे ती पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला. सांगलीची, इचलकरंजीची, गडहिंग्लजची पोरं नोकरीला परदेशी निघतात, आईवडील मुंबईच्या विमानतळाच्या काचेपर्यंत सोडायला जातात. त्या काचेपाशी कुणीतरी वाकून ‘या’ म्हणायला हवं, आणि तेही त्यांच्या बोलीत.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात एवढं नाजूक, विनोदी काम टिकत नाही, कुणीतरी दुखावतं, समाजमाध्यमांवर गदारोळ होतो. 1966 मध्ये सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी आणली. ती आजही बोलते आहे. क्रिकेट, निवडणूक, सिनेमा, कशावरही, आणि कितीदा वाद झाले तरी थांबली नाही. लोण्याच्या पाकिटावरची मुलगी जे करू शकते ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, तिच्याआधी होर्डिंगवर बोलायला लागलेला महाराजा का करू शकत नाही? तो थकला नव्हता. त्याच्या मागचा लिहिणारा आणि काढणारा, दोघांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि त्या कुणी भरल्या नाहीत.

त्या खुर्च्या भरा. दिल्ली-मुंबईच्या एका संस्थेला सगळ्या देशाचं काम देऊ नका. प्रत्येक भाषेत एक लिहिणारा आणि एक चित्रकार धरा, महिन्यातून दोन चित्रं मागा, आणि त्यांना त्यांच्या गावाबद्दल बोलू द्या. कोल्हापुरात विषयांना काय तोटा! शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की अख्खं गाव तालमींच्या संघांत वाटलं जातं. महाराजाला तिथं पंचच करावं लागेल, कारण कुठल्याही एका तालमीचा झेंडा हाती दिला तर उरलेलं गाव रुसेल. पंचगंगेला पूर आला की विजार गुडघ्यापर्यंत दुमडून होडीत बसलेला महाराजा मला दिसतो. तोक्योसाठी सुमो झालेला हा गडी खासबागेच्या कुस्ती मैदानातल्या लाल मातीत अजून उतरलेला नाही, ही उणीव तर तुम्ही पहिल्या महिन्यातच भरून काढू शकता. 1939 मध्ये राजाराम महाराजांनी उजळाईवाडीला विमानतळ केला, मार्च 2024 मध्ये तिथं नवी टर्मिनल इमारत उघडली. विमान आमच्या गावाला नवं नाही.

आणि राजानं कुठं बसावं याबद्दल कोल्हापूरला थोडं बोलायचा अधिकार आहे. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना चहाचं दुकान काढून दिलं, आणि लोक तिथं पाऊल ठेवायला कचरत होते तेव्हा स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले, बरोबरच्या मंडळींना पाजला. आम्ही त्यांना आजही मानतो, त्यामागं राधानगरीचं धरण आहे, 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा आहे आणि तो चहासुद्धा आहे.

दुसरी मागणी साधी आहे. महाराजाचं जुनं चित्र तुम्ही जिथं जिथं वापराल तिथं खाली ‘चित्र: उमेश राव, 1946’ एवढं छापा. बाहुलीच्या तळाशी, लाउंजच्या भिंतीवर, संकेतस्थळावर. याला खर्च नाही.

तिसरी, जुन्या जाहिरातींचा खजिना खुला करा. पोस्टरं, होर्डिंगांची छायाचित्रं, जेवणाची कार्डं, कॅलेंडरं, कच्ची रेखाटनं, कूकांच्या खोडलेल्या ओळी, जे जे हाती असेल ते. टाटा समूहाचं पुण्यात अभिलेखागार आहे, जुना कागद जपायचा कसा हे तुमच्या घरात माहीत आहे. मोठ्या कलाकारांची चित्रं संग्रहालयात गेली, तशी ही पोस्टरंही लोकांना दिसली पाहिजेत. ती मुंबई-दिल्लीत लावालच, पण तिथंच थांबू नका. छापील पुस्तकातला दोन इंचांचा महाराजा बघून माझ्या मुलांना रेघेची जाडी कळत नाही, कुठं ब्रश उचलला ते कळत नाही, पांढऱ्या रंगानं चूक कुठं झाकली ते कळत नाही. ते शिकायला मूळ कागदच समोर लागतो.

दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. ते मिळवायची खटपट आम्ही करू. मांडणी, दिवे, चौकटी, पाट्या लिहिणं हे काम माझे विद्यार्थी आणि गावातले जुने पेंटर मिळून करतील. त्या पेंटरांना बऱ्याच दिवसांनी ब्रश हातात धरायला कारण मिळेल आणि त्यांच्या कामाचे पैसे तेवढे तुम्ही द्यावेत. कागद घेऊन येणाऱ्या तुमच्या माणसाची राहायची, जेवायची सोय गावाकडं लागली. तारीख तुम्ही ठरवा, फक्त पावसाळा टाळा. कोल्हापूरचा जुलै जुन्या कागदाला सोसत नाही.

आपला,
उपयोजित कलेचा एक शिक्षक,
कोल्हापूर